फी कार्डाने भरून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा : आमच्या घरचा अनुभव

ऑगस्ट-सप्टेंबरात कास्तकाराच्या घरी पैसा नसतो. बियाणं, खत, फवारणी यांत होता नव्हता तो गेलेला असतो आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. नेमक्या याच दिवसांत फार्मसी, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या याद्या लागतात. ही अडचण हेरून तालुक्याच्या गावी काही माणसं ‘ॲडमिशन मार्गदर्शन’ अशी पाटी लावून बसतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराला अशाच एकाने लुबाडलं. सगळं सविस्तर लिहितो, कारण आजही असेच लोक आपल्या भागात फिरताहेत.

माझ्या पुतणीला कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, बी. फार्मला प्रवेश मिळाला. भावाने तिच्या शिक्षणासाठी बँकेत 1,20,000 रुपयांची मुदत ठेव ठेवली होती. ती मोडायची आणि फी भरायची, असं घरात ठरलं होतं. तो माणूस भावाला म्हणाला, “काकाजी, एफडी कायले मोडता? मोडली त व्याज जाते. तिच्यावर कार्ड काढा. फी कार्डानं भरू, पैसा जागच्या जागी राहीन, वरून पॉइंट भेटतीन ते येगळे.”

यातली अर्धी गोष्ट खरी असते, म्हणून माणूस विश्वास ठेवतो. ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळतं. पण त्या ठेवीवर बँकेचा बोजा चढतो आणि बिल थकलं की बँक ठेवीतून वसुली करते, हे त्याने सांगितलं नाही. भावाचं कार्ड आलं. त्या माणसाने ते आपल्या दुकानातल्या मशीनवर घासलं, 96,000 रुपयांचा आकडा टाकला, भावाने पिन दाबला. ‘मशीनचा चार्ज’ म्हणून 2 टक्के, म्हणजे 1,920 रुपये, रोख घेतले. कॉलेजचं नाव आणि शिक्का असलेली पावती हातात दिली. भाऊ समाधानाने घरी आला.

आता त्या पॉइंटचा, म्हणजे कार्डाने खर्च केला की बँक देते त्या बक्षिसाचा, हिशेब पाहा. भावाच्या कार्डावर 100 रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत 25 पैसे. म्हणजे 96,000 रुपयांवर 960 पॉइंट, त्यांचे 240 रुपये. 240 रुपयांसाठी 1,920 रुपये आधीच गेले होते. कित्येक कार्डांवर तर शिक्षणाच्या खर्चाला पॉइंट मिळतच नाहीत, किंवा दुसऱ्याच्या ॲपवरून फी भरली तर बँक वरून 1 टक्का शुल्क लावते.

बिल आलं तेव्हा भावाने त्याला फोन केला. “किमान रक्कम भरत राहा, सरकारकडून फी परत आली की एकदम फेडू,” असं उत्तर मिळालं. भावाला वाटलं, हा हप्ताच आहे. किमान रक्कम साधारण 5 टक्के, म्हणजे 4,800 रुपये. पण पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. महिन्याला 3.5 टक्के दराने 96,000 वर 3,360 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. जवळपास चार हजार रुपये व्याजातच जात होते, मुद्दल जागचं हलत नव्हतं. ठेव मोडली असती तर साधारण एक टक्का व्याज कमी मिळालं असतं, तेही वर्षाच्या हिशेबाने.

परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी कॉलेजच्या कार्यालयात सगळं उघडं पडलं. मॅडमनी रजिस्टर दाखवलं. पोरीच्या नावावर फक्त काही हजार रुपये जमा होते, इतर शुल्कापोटी. शिक्षण शुल्क कॉलेजने मागितलंच नव्हतं! 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. जी फी द्यायचीच नव्हती, तीच त्याने उकळली. माझ्या वहिनी त्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर खाली बसल्या, त्यांना उठवायला दोघं लागली.

बँकेने जे सांगितलं ते नीट लक्षात ठेवा. 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, खातेदाराचा दोष नसताना परस्पर पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. पण इथे कार्ड भावाचं, पिन भावाने दाबलेला. बँकेच्या लेखी हा संमतीने झालेला व्यवहार. मशीनच्या चिठ्ठीवर कॉलेजचं नाव नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. मोबाइलवरच्या इंग्रजी मेसेजमध्येही तेच. तो मेसेज तिथेच कोणी वाचून दाखवला असता तर गोष्ट त्याच काउंटरवर थांबली असती.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे लगेच गोठवले गेले तर हाती लागतात, आमचे तोवर पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, पाटी कधीच उतरली आहे. बँकेकडेही ‘ज्यासाठी पैसे दिले ते मिळालं नाही’ असा लेखी वाद दाखल केला. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आम्ही तेच करणार आहोत. कार्डाची थकबाकी मात्र ठेवीतूनच वळती झाली.

कोणाच्या घरी प्रवेशाची गडबड असेल तर कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधी पाहा. पैसे कॉलेजच्या खिडकीवर किंवा कॉलेजच्या स्वतःच्या खात्यावरच भरा. आणि कोणाकडे अशी मशीनची चिठ्ठी असेल तर आजच तिचा फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, आणि बँक व पोलीस दोघेही पहिल्यांदा तीच मागतात.