सुजलेला गुडघा आणि कोरं कल्चर: ब्रुसेला, सीबीनॅट की बायोप्सी?

सांधा दोन दिवसांत लाल-गरम झाला, पाय टेकवेना, थंडी वाजून ताप आला, तर या तपासण्यांची तुलना करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जाऊन सांध्यातलं पाणी काढून घ्या. हा आढावा वेगळ्या पेशंटसाठी आहे: महिना-दोन महिने एकच गुडघा किंवा खुबा धरलाय, संध्याकाळी कसर येते आणि पाण्याच्या साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही उगवलं नाही.

न उगवणं म्हणजे जंतू नसणं नव्हे. ब्रुसेला या गुराढोरांकडून माणसात येणाऱ्या जंतूला उगवायला आठवडा, कधी तीन आठवडे लागतात. क्षयाच्या जंतूंना सहा ते आठ आठवड्यांपर्यंत. साधं कल्चर त्याआधीच बंद होतं.

ब्रुसेलाची तपासणी रक्तावर होते आणि फार महाग नाही. रोझ बेंगॉल ही पहिली चाळणी काही मिनिटांत कळते. पॉझिटिव्ह आली की एसएटी करतात, म्हणजे सीरम नळ्यांमध्ये टप्प्याटप्प्याने पातळ करत ब्रुसेलाविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत ते मोजतात. १:१६० किंवा वर, शिवाय लक्षणंही जुळली, तर गांभीर्याने घ्यायचं. जन्म गुराढोरांत गेलेल्यांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणाही सापडतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. उलट, अँटिबॉडी फारच जास्त असतील तर पहिल्या नळ्या खोट्या निगेटिव्ह दिसतात. लॅबला पुढची, आणखी पातळ केलेली डायल्युशन्स लावायला सांगा.

सीबीनॅट ही क्षयाच्या जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी सांध्यातल्या पाण्यावर होते. मशीन दोनेक तासांत क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालेल का, दोन्ही सांगतं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत आहे. पण पाण्यात जंतू थोडे असतात. पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, निगेटिव्हवर क्षय नाही असं म्हणू नका.

सांध्याच्या अस्तराची बायोप्सी सगळ्यांत बोलकी, कारण एकाच तुकड्यावर सूक्ष्मदर्शक, सीबीनॅट आणि कल्चर तिन्ही होतात. पण त्यासाठी भूल आणि अस्थिरोगतज्ज्ञ लागतात, खर्चही होतो.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दोन तपासण्या एकाच दिवशी करा, दोन्हींतून काही निघालं नाही तर बायोप्सी. ‘आधी एकेटी (क्षयाची औषधं) सुरू करून बघू’ याला मात्र ठाम नकार द्या. त्यातलं रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. पेशंटला उतार पडतो, घरचे निश्चिंत होतात आणि चुकीचं निदान पक्कं होऊन बसतं. सांध्याच्या क्षयाला वर्षभर तरी औषध लागतं. ब्रुसेलाला डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध, किमान सहा आठवडे, हाडा-सांध्यात त्याहून जास्त.

तपासणीआधी दोन प्रश्न विचाराच. घरात कच्चं दूध पितात का? गाभडलेल्या शेळी-गाईचा जार उघड्या हाताने कुणी काढला का? उस्मानाबादी शेळ्यांच्या या मुलखात ‘हो’ हे उत्तर नवलाचं नाही. तसं असेल तर लॅबच्या फॉर्मवर ‘ब्रुसेलाची शंका’ लिहायला लावा. कल्चरची प्लेट जास्त दिवस ठेवली जाईल, आणि ती हाताळणारा तंत्रज्ञ श्वासातून होणाऱ्या संसर्गापासून स्वतःला जपेल.