टायरोसिन कायनेज: पटलावरचा की आतला?

टायरोसिन कायनेज ही एन्झाइमं दोन प्रकारची: पेशीपटलात बसलेले रिसेप्टर आणि पेशीच्या आत राहणारे. काम दोघांचं एकच: एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा फॉस्फेट काढून प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर लावायचा. माणसात रिसेप्टर प्रकारचे 58, बाकीचे 32.

रिसेप्टर प्रकारातला ईजीएफआर पेशीपटलात रुतलेला. बाहेरून वाढ-घटक येऊन बसला की दोन रेणूंची जोडी जमते, ते एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात आणि त्या खुणांवर आतली प्रथिनं येऊन बसतात.

दुसऱ्या प्रकारातला सार्क (Src; राष्ट्रांची संघटना नव्हे!) आतच असतो. मला हाच जास्त आवडतो. त्याच्या 530व्या टायरोसिनवर फॉस्फेट असला की शेपटी स्वतःच्याच एसएच2 भागात (फॉस्फेट लागलेला टायरोसिन पकडणारा भाग) अडकते आणि तो गप्प. म्हणजे इथे फॉस्फेट चक्क ब्रेक.

औषधांत फरक पडतो. रिसेप्टरला बाहेरूनच अँटिबॉडीने गाठता येतं. आतल्यासाठी इमॅटिनिब या कर्करोगाच्या औषधासारखा पेशीत शिरणारा छोटा रेणू लागतो.