तळटीपांमध्ये उलगडणारा विनोदकार: स्ट्युअर्ट ली यांचे ‘हाउ आय एस्केप्ड माय सर्टन फेट’

लंडनच्या सोहो भागात १९७९ साली कॉमेडी स्टोअर सुरू झाले आणि वंशद्वेष व स्त्रियांची टवाळी यांवर पोसलेला विनोद नाकारणारी ‘पर्यायी’ विनोदकारांची पिढी तेथे उभी राहिली. त्या पिढीच्या प्रभावाखाली वाढलेल्या ब्रिटिश विनोदकार स्ट्युअर्ट ली यांचे हे पुस्तक ‘फेबर अँड फेबर’ने २०१० साली प्रसिद्ध केले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ली यांनी स्टँड-अप, म्हणजे रंगमंचावर एकट्याने प्रेक्षकांना हसवणे, जवळजवळ सोडून दिले होते. पुढे रिचर्ड थॉमस यांच्यासह लिहिलेला ‘जेरी स्प्रिंगर: द ऑपेरा’ हा संगीतप्रयोग २००३ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये गाजला. २००५ च्या जानेवारीत बीबीसीने तो दाखवताच तक्रारींचा पाऊस पडला आणि ईशनिंदेचा खटला भरण्यापर्यंत मजल गेली. त्या होरपळीतून ‘नाइन्टीज कॉमेडियन’ हा प्रयोग कसा घडला, हे सांगणारी पाने मला सर्वांत मोलाची वाटतात.

पुस्तकात २००४ नंतरच्या तीन प्रयोगांच्या संपूर्ण संहिता आहेत. परंतु त्याचा खरा जीव तळटीपांत आहे. कित्येक पानांवर वर संहितेच्या मोजक्या ओळी उरतात आणि खाली बारीक टाइपातली टीप पुढच्या पानावरही वाहत जाते. अमुक शब्दच का निवडला, एखादी लकब कोणाकडून उचलली, प्रेक्षक कोठे गप्प झाले, हे सारे ली तेथे मोकळेपणाने सांगतात. १९८४ साली बर्मिंगहॅममध्ये पाहिलेल्या टेड चिपिंग्टन या विनोदकाराचे ऋण ते ज्या आदराने मान्य करतात, तो आदर मनाला भिडतो. रंगमंचावर उत्स्फूर्त वाटणारी चिडचिडसुद्धा किती बारकाईने बेतलेली असते, हे मला या टीपांमुळे प्रथमच नीट उमगले.

एक उणीव मात्र जाणवते. हशा ओसरेपर्यंत एकच वाक्य घोळवत राहायचे आणि त्या कंटाळ्यातूनच पुन्हा हशा उसळवायचा, ही त्यांची हातोटी. पण छापील पानावर शांतता ऐकू येत नाही आणि पुनरावृत्ती नुसतीच जड होते. शिवाय ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील अनेक नावे परक्या वाचकाला अडवतात. म्हणून कार्डिफच्या चॅप्टर आर्ट्स सेंटरमध्ये चित्रित झालेला ‘नाइन्टीज कॉमेडियन’ आधी पाहावा आणि मग त्याची संहिता टीपांसह, सावकाश वाचावी.