पांढरा सोडून बाकी बरं: मुलांचं ऑनलाइन कला शिबिर, वर्षभरानंतर

2022 च्या गुढीपाडव्यापासून कोरोनाचे निर्बंध उठले आणि आठवड्याभरात कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या कला मंडळाचा फॉर्म व्हॉट्सॲपवर आलाच. उन्हाळी शिबिर यंदा पुन्हा हॉलमध्ये. पण "घरपोच किट व ऑनलाइन वर्ग" हा पर्यायही ठेवलाय. मागच्या वर्षी आम्ही हाच घेतला होता, त्यामुळे बिल्डिंगमधल्या दोघीतिघी विचारून गेल्या की कसं होतं, घ्यावं का. जिन्यात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून टाकते. मंडळाचं नाव देत नाही, कारण माणसं ओळखीची आहेत आणि भाजी घेताना रोज समोर येतात.

शिबिरात काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. चित्रकला, मातीकाम, थोडं गाणं, थोडं नाटक. आठवड्यातून तीन वर्ग, किटसकट पंधराशे रुपये. पूर्वी हेच शिबिर हॉलमध्ये सहाशेत व्हायचं आणि शेवटच्या दिवशी भेळ मिळायची. जास्तीचे नऊशे कशाचे, हे मी तेव्हाच विचारलं होतं. उत्तर आलं, "किटचे आणि टेक्नॉलॉजीचे." टेक्नॉलॉजी म्हणजे झूमचं फुकटातलं खातं. चाळीस मिनिटं झाली की मीटिंग आपोआप बंद पडायची. मग सगळ्या पोरांनी पुन्हा लिंकवर जायचं, पुन्हा "सर, माझा आवाज येतोय का?" आणि तासातली दहा मिनिटं त्यातच जायची.

तरी हे मी सोडून दिलं असतं. शाळा वर्षभर बंद, पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवायच वर ढकललेली, मोठीची एलिमेंटरीची, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेची, तयारी कपाटात कारण 2020 मध्ये ती परीक्षा झालीच नाही. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि दोन्ही पोरं दिवसभर मोबाइलला चिकटली. अशा वेळी कुणी हातात ब्रश देतंय म्हटल्यावर मी पैसे भरले. पतसंस्थेत काम करते, पावती मात्र घेतली.

आता पांढऱ्याचं सांगते.

किटमध्ये पोस्टर कलरची बारा बाटल्यांची पेटी होती. दहा-दहा मिलीच्या बारीक बाटल्या, सगळ्या सारख्या. ज्याने आयुष्यात एकदा तरी पोस्टर कलर वापरलाय त्याला ठाऊक असतं की पांढरा सगळ्यात आधी संपतो. आकाश फिकं करायचं, पांढरा. चूक झाकायची, पांढरा. गुलाबी हवा, पांढरा. चित्रकलेचे सर मंडळात कित्येक वर्षं शिकवतात, त्यांनाही हे माहीत असणारच. तरी पेटीत पांढरा दहा मिली आणि जांभळाही दहा मिली! आमचा जांभळा आजही बुचाला टेकलेला आहे. तपकिरीला तर कुणी हात लावला नाही. आणि शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात काय ठेवलं होतं? वारली. म्हणजे जिथे पांढऱ्याशिवाय दुसरा रंगच लागत नाही ते चित्र.

आमचा पांढरा वारलीच्या आदल्या दिवशी संपला. किट एकच होतं आणि मुलं दोन, हे खरं. दुसऱ्या किटचे साडेचारशे वेगळे होते आणि धाकटा तेव्हा दुसरीतला, तो रंग खातो किंवा फासतो. पण एकाच मुलाच्या घरातही पांढरा संपला होता, मी चार आयांना विचारलंय. त्यामुळे दोन मुलांचा मुद्दा कुणी काढू नये.

बरं, नवीन आणावा तर कुठून? 20 एप्रिलपासून किराणा-भाजीचीही दुकानं सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी. स्टेशनरी अत्यावश्यकमध्ये बसत नव्हती. ऑनलाइन मागवायचं तर तेव्हा फक्त अत्यावश्यक वस्तूच घरपोच यायच्या. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचं शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून एकदा वाकून विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी, पांढऱ्यासाठी मला दंड लावताय व्हय?"

मंडळाच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकत होते. संयोजिका ताईंना वेगळा मेसेज केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "किट सर्वांना समान देण्यात आले आहे." मी लिहिलं, समान आहे हीच तर तक्रार आहे. त्यावर नमस्काराचे दोन हात आले. मोठी बाटली टाकली असती तर मंडळाचे फार तर पंचवीस-तीस रुपये वाढले असते. तेही आमच्याकडूनच घ्यायचे होते.

घरात प्रयोग झाले. सासूबाई म्हणाल्या, रांगोळी फेविकॉलमध्ये कालव. कालवली. वाळल्यावर ती राखाडी झाली आणि कागदावरून बोट फिरवलं की खरखरायची. धाकट्याने टूथपेस्ट लावून पाहिली. चित्राला मुंग्या लागल्या नाहीत, एवढंच तिचं कौतुक.

इथपर्यंत माझं मत एका स्टारचं होतं. मे महिन्यात मी तसं मैत्रिणींना लिहूनही टाकलं होतं. त्यातली एक परवा म्हणाली, "तूच तर नको म्हणालीस." म्हणून पुढचं मुद्दाम सांगते.

वारलीच्या वर्गात मोठीने स्वतःला अनम्यूट केलं आणि सरळ सांगून टाकलं, "सर, पांढरा संपला." तिच्या मागोमाग आठ-दहा पोरं, माझाही, माझाही. मला वाटलं आता सरांची फजिती. सर कोल्हापूरचेच. म्हणाले, "घरात भात शिजतोय न्हवं? मग पांढरा कुठला संपतोय!"

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते किटबरोबरच्या छापील कागदावर कुठेही नव्हतं. वारली लोकांचा पांढरा रंग तांदळाचाच. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं. भिंत गेरूने सारवलेली, आणि ब्रशच्या जागी टोक चावून चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नात सवासिनी चौक काढतात, मधोमध पालघाट देवी. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी हेच चित्र भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सर बोलत होते आणि झूम बंद पडला. चाळीस मिनिटं! पण त्या दिवशी पोरं स्वतःहून धावत परत लिंकवर आली.

रेशनचा तांदूळ भिजवला. आजरा घनसाळ तांदूळ मागत होती पोरं, छान वास येतो म्हणून, पण चित्राला घनसाळ द्यायला आमचं काही शेत नाही. मिक्सरमधून बारीक वाटून गाळला. डिंक हिवाळ्यातल्या लाडवांतला उरलेला होता. गेरू सासूबाईंच्या तुळशीच्या कुंडीसाठी डब्यात होताच. कागद वाया नको म्हणून किटचं खोकंच उलगडलं, आतल्या बाजूला गेरूचे दोन हात दिले आणि गॅलरीत वाळवलं.

काडीने पहिली रेघ मारली तर काही दिसेचना. पाण्यासारखी फिकट, गेरूत बुडून गेलेली. मोठीचं तोंड पडलं, धाकटा म्हणाला फसलं. मी भांडी घासायला गेले. तेवढ्यात हाक आली, "आई, बघ की!" रेघा वाळत होत्या आणि वाळतील तशा पांढऱ्या होत होत्या. आधी कडा, मग मध. तारपा वाजवणारा माणूस एका पायाने आधी उमटला, दुसरा पाय मागून आला. बाटलीतला पांढरा असा कधी येत नाही. तो लावला की लगेच दिसतो आणि वाळला की उलट मळका होतो.

त्या खोक्यावरचं चित्र हे सगळ्या शिबिरातलं सगळ्यात चांगलं चित्र झालं. त्याचं श्रेय मात्र किटला नाही. सरांना हे माहीत होतं तर पेटीऐवजी पोरांना दोन रुपयांचा डिंक आणि गेरूची पुडी द्यायची होती, फी दोनशेने कमी झाली असती.

वर्षभराचा अनुभव म्हणून याचीही दुसरी बाजू सांगते. जुलैच्या पावसात, पंचगंगा पात्राबाहेर आली होती त्या आठवड्यात, चित्राला बुरशी धरली. तांदूळच तो. तारपेवाला हिरवट झाला. डिंक कमी पडला होता तिथे टवके उडाले. सर म्हणाले चिमूटभर मीठ नाहीतर कडुलिंबाचं पाणी घालून बघा. आता नवीन काढलंय त्यात कडुलिंब घातलाय, यंदाच्या पावसाळ्यानंतर कळेल.

बाकीचे विषय पटकन सांगते. गाणं ऑनलाइन होत नाही. आवाज मागेपुढे येतो, दोन पोरं एकत्र गायला लागली की सगळी पंगत विस्कटते. म्हणून गाण्याच्या बाई सगळ्यांना म्यूट करून एकट्याच गायच्या. मला हे पैसे वाया वाटले होते. पण धाकटा, जो शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत ओठ हलवतो, तो म्यूटवर असल्यामुळे बिनधास्त ओरडून गायचा. कुणी ऐकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरचे काका तेवढे ऐकत होते.

नाटकात नाट्यछटा बसवली, ती ठीक. बाहुल्यांचा एकच वर्ग झाला, मोज्याच्या बाहुल्या. त्यात सरांनी कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायची गोष्ट, आणि कळसूत्री बाहुल्या स्क्रीनवर दाखवल्या. तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांना त्याच जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली होती. गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलंय हे ऐकून आमच्याकडे आता सावंतवाडीला गेलं की कुडाळजवळ थांबायचं ठरलंय. एवढ्या विषयाला एकच वर्ग आणि "हस्तकला: आइस्क्रीमच्या काड्या" याला तीन. का, ते विचारू नका.

किटमधली वसूल झालेली वस्तू एकच, शाडू. दोन किलोची पिशवी. तेव्हा जड म्हणून मी नाकं मुरडली होती, पण शाडूचं बरं असतं, वाळला तरी फोडून भिजवला की पुन्हा तयार. मे महिन्यात त्याचे पक्षी आणि चुलीचा संच झाला. ते मोडून सप्टेंबरात मोठीने वीतभर गणपती केला. कोरोनामुळे घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती, आमचा त्यात दोन वेळा सहज बसला असता. विसर्जन घरीच बादलीत केलं. खाली बसलेला गाळ पाणी काढून वाळवला आणि दिवाळीत धाकट्याने त्याचे किल्ल्याचे बुरूज केले. किल्ल्यानंतर थोडा कमी झाला, माती मिसळली, तरी दीडेक किलो पिशवीत अजून आहे. पंधराशेतले निदान तीनशे तरी मी शाडूच्या नावे लावते.

ब्रश मात्र टाकाऊ. चार नंबरचे केस पहिल्याच आठवड्यात चित्राला चिकटून आले. कैची चांगली, स्वयंपाकघरात वापरते.

तर घ्यावं का? एक स्टार काढून टाकला, आता साडेतीन. मुलं लहान असतील, कुणी मोठं माणूस शेजारी बसणार असेल तर ऑनलाइन चालेल, नसेल तर हॉल. हॉलमध्ये निदान मीटिंग बंद पडत नाही. किट घेऊच नका. शाडू कुंभार गल्लीत सुटा मिळतो, गेरू पूजेच्या दुकानात, आणि पोस्टर कलर घ्यायचाच तर पेटीऐवजी सुट्या बाटल्या घ्या, पांढरी सगळ्यात मोठी. जांभळा लागला तर माझ्याकडून न्या.

यंदाचा फॉर्म मी भरलाय, दोघांचा, हॉलचा. त्यात किटवर खूण करणं बंधनकारक आहे, खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. संयोजिका ताईंना विचारलंय की हॉलला येणाऱ्याला घरपोच किट कशाला, आणि धाकट्याची फी निम्मी होणार का. अजून नमस्काराचे हातही आले नाहीत. उत्तर आलं की इथेच खाली लिहिते.