टीसची तयारी: आठ महिने, एक अ‍ॅप, दोन पुस्तकं आणि एक दोनशे पानी वही

आधीच सांगते, मी शिकवणी घेत नाही आणि कुणाचं काही विकतही नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहते, वय एकोणचाळीस. सांगलीत बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं त्याला अठरा वर्षं होऊन गेली. मधली वर्षं नोकरी, लग्न, व्हिसा, मुलगी अशी ओळीने निघून गेली. आता कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या नर्सिंगला, म्हणजे असोसिएट डिग्रीला, अर्ज करायचा म्हणून टीस नावाची प्रवेश परीक्षा दिली. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतंच की कुठलं पुस्तक घेऊ, अ‍ॅप घेऊ का, एचफोरवर (म्हणजे एचवनबीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) चालतं का. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

परीक्षा एटीआय या कंपनीची. सध्याची सातवी आवृत्ती जून २०२२ पासून चालू आहे. १७० प्रश्न, २०९ मिनिटं. त्यातले २० प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कुठले हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे सगळेच जीव तोडून सोडवायचे. वाचनाचे ४५ प्रश्न ५५ मिनिटांत, गणिताचे ३८ प्रश्न ५७ मिनिटांत, मग दहा मिनिटांची सुट्टी, विज्ञानाचे ५० प्रश्न ६० मिनिटांत आणि शेवटी इंग्रजीचे ३७ प्रश्न ३७ मिनिटांत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पात्रतेची रेषा एकूण ६२ टक्के. ती ओलांडणं फार अवघड नाही. पण जिथे गुणांवर निवड होते तिथे ६२ वाल्याला कोण विचारतो? काही कॉलेजं टीसऐवजी हेसी नावाची दुसरी प्रवेश परीक्षा घेतात, तेव्हा पुस्तकाला पैसे घालण्याआधी आपल्या कॉलेजला काय लागतं ते बघा. माझ्या एका मैत्रिणीने दोन महिने टीसचा अभ्यास करून मग ते बघितलं.

आता अ‍ॅप. नाव लिहीत नाही, कारण असली अ‍ॅपं पाच-सहा आहेत आणि सगळी एका माळेचे मणी. महिना तीस डॉलर. मी जानेवारीत घेतलं आणि मेपर्यंत इमानेइतबारे वापरलं. भाजी शिजेपर्यंत दहा प्रश्न, मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीत वीस प्रश्न. हिरव्या टिकल्या पडत होत्या, सलग ९६ दिवसांची स्ट्रीक झाली होती, आणि पडद्यावर "तुमची उत्तीर्ण होण्याची शक्यता ९४ टक्के" असं झळकत होतं. मी खूश. जूनच्या पहिल्या शनिवारी पहाटे उठून, दार लावून, घड्याळ लावून एटीआयची पहिली अधिकृत सराव परीक्षा दिली. ६९.३. वाचनात तर साठच्याही खाली.

मायक्रोबायोलॉजीवाली बाई वाचनात आपटली! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तू तर दिवसभर वाचतेस." तीच तर गोची होती.

त्या अ‍ॅपचा दोष काय, तर प्रश्न सुटे असतात, वेळेचं बंधन नावापुरतं असतं, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की आपण तो सोडवत नाही, ओळखतो. खऱ्या परीक्षेत नुसते चार पर्याय नसतात. "लागू पडणारे सगळे निवडा" असे प्रश्न असतात, आणि त्यात एक जरी चुकला तरी त्या प्रश्नाचा भोपळा. क्रम लावायचा असतो, चित्रावर नेमकी जागा दाखवायची असते, काही ठिकाणी उत्तर स्वतः टाइप करायचं असतं. माझ्या अ‍ॅपमध्ये यातलं जवळपास काहीच नव्हतं. दीडशे डॉलर गेले ते गेले, पाच महिने आपली तयारी झालीय या भ्रमात गेले ते जास्त लागलं.

मग पानांना चार रकाने पाडून एक दोनशे पानी वही केली. प्रश्न, मी दिलेलं उत्तर, ते का दिलं, आणि चूक कुठल्या जातीची. जाती तीनच ठेवल्या: माहीत नव्हतं, घाई केली, प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या सराव परीक्षेच्या ४६ चुका त्यात उतरवायला दोन संध्याकाळी गेल्या. बेरीज केली तर "माहीत नव्हतं" फक्त १३. बाकी ३३ चुका मला येत असलेल्या गोष्टींच्या होत्या. म्हणजे मी जे पाच महिने करत होते, नवीन माहिती डोक्यात कोंबणं, त्याने जास्तीत जास्त १३ प्रश्न सुधारले असते.

वाचनातली एक चूक सांगते. हात धुण्याच्या सवयींवर उतारा होता. प्रश्न असा की उताऱ्यावरून कुठला निष्कर्ष काढता येईल. मी निवडलेला पर्याय शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के खरा होता, कॉलेजात त्यावर प्रॅक्टिकल केलंय मी. फक्त उताऱ्यात त्याचा कुठे मागमूस नव्हता. वहीत लिहिलं: "तुला काय माहीत आहे ते कुणी विचारलेलं नाही." त्यानंतर प्रत्येक उत्तराला उताऱ्यातल्या कुठल्या ओळीचा आधार आहे ते बोटाने दाखवायचं, ओळ सापडली नाही तर पर्याय बाद, असा नियम केला. एवढ्या एका सवयीने वाचनाचे गुण वीसच्या वर वाढले. अ‍ॅपने हे कधीच सांगितलं नसतं.

दुसरी चूक शाळेतून आलेली. हृदयातून रक्त कसं वाहतं त्याचा क्रम लावा. मी मराठी माध्यमातली, अजूनही मनात आधी अलिंद-निलय येतं आणि मग त्याचं इंग्रजी. शिवाय धमनी म्हणजे शुद्ध रक्त आणि शिरा म्हणजे अशुद्ध, हे इतकं घोटून घेतलेलं की फुप्फुसाकडे अशुद्ध रक्त नेणारी ती धमनी आणि तिथून शुद्ध रक्त घेऊन परतणारी ती शिरा, हा अपवाद ऐन वेळी उलटा पडला. वहीत मोठ्या अक्षरात: "धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी. शुद्ध-अशुद्ध विसर." तो कागद महिनाभर फ्रिजवर होता. मुलीला पाठ झाला.

पुस्तकं दोन घेतली. एटीआयचं अधिकृत मॅन्युअल घ्याच, पण ते अभ्यासक्रमाचा नकाशा म्हणून वापरा. काय विचारतील आणि कुठपर्यंत खोल जातील हे त्यातून कळतं. दुसरं जाडजूड पुस्तक दुसऱ्या प्रकाशनाचं होतं. त्याच्या उत्तरसूचीत मला चार ठिकाणी सरळ चुका सापडल्या आणि त्यातल्या एकीवर मी रात्री अकरा ते साडेबारा डोकं फोडलं. ते आता मॉनिटरखाली आहे, उंची बरोबर येते.

विज्ञानासाठी पैसे घालायची गरज नाही. ओपनस्टॅक्सचं अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचं पुस्तक राइस विद्यापीठाने फुकट ठेवलं आहे, २८ प्रकरणं, आकृत्या सुंदर. टीसच्या विज्ञानात गुणांत धरल्या जाणाऱ्या ४४ प्रश्नांपैकी १८ शरीररचना आणि शरीरक्रियेचे असतात, म्हणजे वेळ कुठे घालायचा ते उघड आहे. पाठांतराच्या गोष्टींना अंकी हे प्रश्नोत्तरांची कार्डं घोकायचं अ‍ॅप वापरलं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. दुसऱ्यांनी केलेली तयार कार्डं उतरवून घेऊ नका. स्वतः कार्ड करताना जे डोक्यात बसतं तेच टिकतं.

गणिताबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत नीट शिकलेल्या माणसाला ते जड नाही, आणि साधा चार क्रियांचा कॅल्क्युलेटर पडद्यावर मिळतो. दीड लिटर सलाईन, ताशी १२५ मिलीलिटर, किती तास पुरेल, अशा तऱ्हेचं. माझं घोडं अडलं ते मापांत. गॅलनमध्ये चार क्वार्ट, क्वार्टात दोन पाइंट, पाइंटात दोन कप, पाउंडात सोळा औंस. एक किलो म्हणजे साधारण २.२ पाउंड, म्हणून १५४ पाउंडाचा माणूस ७० किलोचा. महिनाभर दूध-पीठ सगळं मुद्दाम या अमेरिकन मापांनी मोजलं. पोळ्यांची कणीक दोनदा सैल झाली, पण मापं बसली.

इंग्रजीत मिनिटाला एक प्रश्न, आणि तोही तीन तास खपल्यावर. स्पेलिंग आपली ब्रिटिश वळणाची. अ‍ॅनिमिया आणि हिमोग्लोबिनमध्ये मी अजून जास्तीचं ए घालते, कलरमध्ये यू घालते. इथे ती चूक धरली जाते. मी अशा शंभरेक शब्दांची यादी केली. बाकी कर्ता-क्रियापदाचा मेळ, स्वल्पविराम, उपसर्ग-प्रत्यय. प्रत्ययांचा भाग मला मनापासून आवडला, संस्कृत घेतलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

जुलैअखेर दुसरी सराव परीक्षा दिली, ८१.३. खरी परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, कॉलेजच्या परीक्षा केंद्रात. घरून कॅमेऱ्यासमोरही देता येते, पण आमच्या घरात २०९ मिनिटं दाराची बेल वाजणार नाही याची खात्री मी देऊ शकत नव्हते. कच्च्या कामाला कागद मिळतो, जाताना परत घेतात. दहा मिनिटांच्या सुट्टीत डब्यातले दडपे पोहे खाल्ले, शेजारी प्रोटीन बार खाणारी मुलगी कौतुकाने बघत होती. निकाल लगेच पडद्यावर आला: ८४.७, अ‍ॅडव्हान्स्ड श्रेणी. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे गुण जून ते ऑगस्टच्या अकरा आठवड्यांचे आहेत. ज्यांचे विज्ञानाचे विषय ताजे आहेत त्यांना दोन-अडीच महिने भरपूर.

कारण खरा वेळ परीक्षेला लागत नाही, अर्जाआधी पूर्ण कराव्या लागणाऱ्या विषयांना लागतो. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी, तिन्ही प्रयोगशाळेसकट. माझी पदवीच मायक्रोबायोलॉजीची, तरी तो विषय परत करावा लागला, कारण आमच्या कॉलेजला विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांच्या आतले लागतात. ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत, परत शिकले, माझ्या निम्म्या वयाच्या लॅब पार्टनरबरोबर. इथे रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे पाच युनिटचा विषय २३० डॉलरला. एवढ्या स्वस्तात इतकं चांगलं शिकवतात, याचं मला अजून नवल वाटतं. अडचण जागांची. अ‍ॅनाटॉमीची नोंदणी पहाटे उघडली की तासाभरात वेटलिस्ट.

भारतातल्या गुणपत्रकांचं मूल्यांकन करून घ्यायला वर्षभर आधी लागा. विषयवार मूल्यांकन लागतं, नुसतं पदवीचं चालत नाही, आणि विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट जावं लागतं. आमच्या विद्यापीठात भावाने चार हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा चलन जुनं, तिसऱ्यांदा माझं माहेरचं आणि सासरचं नाव जुळेना. चौथ्यांदा तो डबा घेऊनच गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसला.

आता एक गोष्ट जी मला अर्ज भरताना कळली आणि जी कुणीच सांगत नाही. सगळी कॉलेजं गुणांवर घेत नाहीत, काही ठिकाणी पात्र अर्जांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड होते. पण जिथे अनेक निकषांची गुणपद्धत आहे तिथे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हाही एक निकष असतो. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यातल्या त्या यादीत स्पॅनिश, टागालोग, फारसी, रशियन यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या भाषाही आहेत. म्हणजे मराठीला गुण! किती ते कॉलेज ठरवतं आणि पुरावा काय लागतो तेही. मी दहावीची मार्कशीट लावली, मराठी प्रथम भाषा, शंभरपैकी ७८. तेव्हा ऐंशी न मिळाल्याबद्दल आईने बोलणी घातली होती. पदवीचे आणि आरोग्यक्षेत्रातल्या कामाच्या अनुभवाचेही काही गुण असतात, पण कॉलेजागणिक फरक आहे, तेव्हा त्यांचा तक्ता उतरवून घ्या आणि स्वतःची बेरीज स्वतः करा.

एचफोरवर शिकता येतं, त्यासाठी एफवन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. पण नर्स म्हणून नोकरी करायला कामाचा परवाना हवाच, आणि एचफोरवर तो नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तरच मिळतो. माझ्याकडे तो परवाना, म्हणजे ईएडी, होता. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दोन वर्षं घालण्याआधी हा विचार करावा, नंतर नव्हे.

नोव्हेंबरात कॉलेजचं पत्र आलं: पर्यायी यादी, म्हणजे कुणी जागा सोडली तरच माझा नंबर. दिवाळीचा फराळ कडू लागला म्हणत नाही, पण चकल्या त्या वर्षी विकतच्या आणल्या. जानेवारीत, सत्र सुरू व्हायच्या नऊ दिवस आधी, फोन आला की जागा आहे, हवी का? हो म्हटलं आणि मग नऊ दिवस नुसती पळापळ: पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, सीपीआरचं कार्ड, गणवेश, लसींचे पुरावे.

लसींचं मात्र मी आधीच वाचून ठेवलं होतं. क्षयाची त्वचेवरची चाचणी आपल्यापैकी बऱ्याच जणांची बीसीजीमुळे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्सरे आणि प्रश्नोत्तरं. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून तीच मागितली. क्लिनिकमधल्या नर्सने दंडावरचा व्रण बघितला आणि स्वतःची बाही वर करून आपला दाखवला, ती फिलिपाईन्सची. रिपोर्ट निगेटिव्ह आला. हिपॅटायटिस बीचा टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तेवढा कमी निघाला, त्याचे डोस पुन्हा चालू आहेत, पुढचा येत्या मंगळवारी.