क्लिफ्स ऑफ डोव्हर, आठ महिन्यांनंतर: शेपटीला कोणी लागलं की काय करायचं

क्लिफ्स ऑफ डोव्हर ब्लिट्झ हा विमानांच्या लढाईचा कॉम्प्युटर गेम घेऊन आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. १९४० चं बॅटल ऑफ ब्रिटन, एका बाजूला स्पिटफायर आणि हरिकेन, समोर जर्मनांचं मेसरश्मिट १०९. मूळ गेम २०११ चा, ब्लिट्झ आवृत्ती २०१७ ची, त्यामुळे ग्राफिक्सवर वेळ घालवत नाही. मी स्पिटफायर मार्क वन उडवतो आणि पहिले तीन महिने नुसता मरत होतो.

चूक काय व्हायची, तर मागे १०९ दिसलं रे दिसलं की मी स्टिक पोटात ओढून ब्रेक टर्न, म्हणजे एकदम कडक वळण, मारायचो. तो अजून आठशे मीटरवर, त्याला काय घाई, आरामात वर चढायचा आणि माझा सगळा स्पीड वळण्यात संपला की वरून खाली यायचा. आता मान मागे करून बघत राहतो. त्याच्या विमानाची पाठ दिसतेय तोवर त्याचं नाक माझ्या मागेच असतं, गोळी लागायची नाही. पोट दिसायला लागलं की समजायचं, साहेब लीड घेतायत, म्हणजे माझ्या पुढच्या जागेवर नेम धरतायत, आता ब्रेक. एवढं एक कळायला मला चार महिने लागले. त्यासाठी वेबकॅमवर ओपनट्रॅक लावलंय, मान वळवली की गेममधली नजर वळवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पण स्क्रीनसमोर सारखी मान वाकडी करताना बघून आई विचारते अवघडली का म्हणून.

आणि ब्रेक म्हणजे स्टिक अंगात येईपर्यंत ओढणं नाही हां. स्पिट आधी थरथरतं, त्या थरथरीच्या काठावरच ठेवायचं, अजून ओढलं की पलटी खाऊन स्पिन, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी.

एकदा घाबरून स्टिक सरळ पुढे ढकलली, नाक खाली घालून पळावं म्हणून. इंजिनाने खोकून दम टाकला. स्पिटच्या त्या काळच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटवालं कार्ब्युरेटर, निगेटिव्ह जी लागला, म्हणजे नाक खाली घातल्यावर सगळं वर उचललं गेलं, की पेट्रोल तुटतं, १०९ च्या डेमलर-बेंझ इंजिनाला फ्युएल इंजेक्शन, त्याला काही फरक पडत नाही. मी हवेत लोंबकळत, तो निवांत मागे. म्हणून खाली जायचं तर आधी उलटं व्हायचं, मग ओढायचं.

बॅरल रोल डिफेन्स, म्हणजे गोल गिरकी मारून मागच्याला पुढे काढणं, मात्र मस्त जमायला लागलाय. तो फार वेगात जवळ आला असेल तरच हं. थ्रॉटल मागे, मोठा गोल रोल, आणि तो भसकन पुढे निघून जातो. पहिल्यांदा असा समोर आला तेव्हा आनंदाने ट्रिगर दाबूनच ठेवला, आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकी तीनशे गोळ्या, पंधरा-सोळा सेकंदांत सगळं संपलं आणि तो धूर काढत का होईना फ्रान्सला घरी गेला.

खर्चाचं सांगायचं तर गेमपेक्षा जॉयस्टिक महाग पडते. माझी स्वस्तातली होती, पाचव्या महिन्यात तिचा ट्विस्ट रडर (दांडा पिळून विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचं) आपोआप डावीकडे सरकायला लागला, सेंटरला डेडझोन, म्हणजे हलवलं तरी दखल न घेणारी जागा, वाढवून चालवतोय. रडरशिवाय नेम धरणं म्हणजे वैताग.

सिझर्स, म्हणजे दोघांनी आलटून पालटून एकमेकांकडे वळत समोरच्याला पुढे काढायचा डाव, अजून येत नाहीत. स्पीड जास्त असला की स्पिटचे एलेरॉन, म्हणजे विमान आडवं कलवणारे पंखांवरचे पडदे, दगडासारखे जड होतात, रोलच होत नाही, आणि तिसऱ्या वळणाला दरवेळी मीच पुढे असतो.