एका गंजलेल्या बोल्टवर मला बॅटरी, अल्टरनेटर आणि इसीएम विकला गेला

जरा सविस्तर लिहितेय कारण जुनी छोटी हॅचबॅक चालवणारे खूप जण आहेत आणि वायरिंगच्या नावाखाली जी लूट चालते ना ती बाहेरून दिसतच नाही. टायर बदलला तर निदान दिसतो तरी, वायरिंग बदललं म्हणजे काय दिसणार, काळी टेप.

गाडीचं दुखणं असं की सेल्फ मारला की कधी एका फटक्यात चालू, कधी नुसतं टक् टक् आणि मीटरमधले सगळे दिवे मंद. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही लावले की हेडलाइट पिवळे पडायचे. डावा इंडिकेटर दिला की त्या बाजूचा टेललाइटही त्याच तालात लुकलुकायचा. हे सगळं मी गॅरेजवाल्याला नीट सांगितलं, त्याने इंडिकेटरचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मल्टिमीटर थेट बॅटरीला लावला. 11.8 व्होल्ट. "मॅडम, बॅटरी गेली."

आता गंमत अशी की तो मीटरवर एकदाही खोटं बोलला नाही. बॅटरी खरंच 11.8 दाखवत होती. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास असते, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यात फरक आहे की नाही? चार्ज करून, लोड टाकून बघितल्याशिवाय ती मेली असं म्हणताच येत नाही. नवीन बॅटरी बसली, गाडी छान चालली, मी खूश. काही आठवड्यांनी परत टक् टक्.

मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर 12.8. "14 पाहिजे मॅडम, चार्जिंगच होत नाहीये." हेही खरंच. वर खात्री पटवायला म्हणून त्याने चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून दाखवलं, इंजिन आचके देऊन बंद पडलं, "बघा, अल्टरनेटर डेड". ही टेस्ट कुणालाही करू देऊ नका. चालू गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळी मारतो आणि त्यात गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतं. आणि हाच माणूस पुढच्या वेळी मला म्हणतो इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडालाय!

इसीएमचं नाटक स्कॅनरवर झालं. लांबलचक यादी आली, तो अंगठ्याने भराभर वर सरकवत होता आणि तोंडाने च्च च्च. मी फोटो काढून ठेवला हे बरं झालं. यादीत पी0562 होता, म्हणजे सिस्टिमचा व्होल्टेज कमी, आणि बाकीचे बरेच यू ने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या एका मॉड्यूलचं (छोट्या कॉम्प्युटरचं) दुसऱ्याशी बोलणं तुटलं. व्होल्टेज पडला की मॉड्यूल असे गप्प होतातच, त्यासाठी इसीएम मरावा लागत नाही. असे कोड आधी पुसायचे, व्होल्टेज ठीक करायचा, गाडी फिरवायची आणि परत वाचायचे, जे परत येतील तेवढेच खरे. याने एकही कोड पुसला नाही. खोकला आला म्हणून फुप्फुस बदला म्हणण्यातला प्रकार. "इसीएम रिपेअरला पाठवतो, आणि मागचं वायरिंग सगळं सडलंय तेही बदलून टाकू", आणि मी काही विचारलं की ठरलेलं उत्तर, मॅडम ते टेक्निकल आहे.

एवढं सगळं झाल्यावरही गाडी एके दिवशी पार्किंगमध्ये टक् टक् करत बसली तेव्हा ओळखीतून एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. काकांनी बॅटरीला हात लावायच्या आधी इंडिकेटर दाखवायला सांगितला! टेललाइट लुकलुकताना बघून म्हणाले, इथली अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत न्यायची जोडणी) गेलीय, बल्बला घरी जायला रस्ता नाही म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय, एक अर्थ गेली असेल तर पुढचीही बघू.

मग बॅटरीच्या जोरावर गाडी कशीबशी चालू करून त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर ठेवली (टर्मिनलवर नाही, खुंटावर, हे त्यांनी दोनदा सांगितलं) आणि दुसरी अल्टरनेटरच्या बॉडीवर. हेडलाइट, ब्लोअर चालू. मीटरवर 1.2 व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास पाहिजे, 0.2 च्या वर गेलं तर शंका घ्यायची. अल्टरनेटरच्या स्वतःच्या प्लसपासून त्याच्याच बॉडीपर्यंत मोजलं तर 14 व्होल्ट! म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित बनवत होता पण वाटेत 1.2 गळत होते आणि बॅटरीपर्यंत 12.8 च पोचत होते. सेल्फ मारताना तीच गळती 4 व्होल्टच्या वर, कारण सेल्फ कितीतरी जास्त करंट ओढतो. सेल्फ बिचारा फिरणार कसा.

त्यांनी एक जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि चावी फिरवायला सांगितलं. पहिल्या झटक्यात चालू. ही टेस्ट कुणालाही करता येते, फक्त केबल प्लसला लागू द्यायची नाही आणि पंखा, बेल्टपासून लांब ठेवायची. नंतर केबल काढून परत दोनचार वेळा सेल्फ मारायला लावला आणि म्हणाले ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावा. चक्क कोमट! जाड रस्ता बंद झाला तर करंट मिळेल त्या बारीक तारेतून परत जातो.

गिअरबॉक्सजवळची, इंजिनला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी अर्थची पट्टी खोलली तर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या कडीखाली) हिरवट पांढरी भुकटी, बोल्ट गंजलेला, आणि वेणीतल्या अर्ध्या तारा तुटलेल्या. घासून, नवीन पट्टी टाकून, वर व्हॅसलीन लावून काम संपलं, बॅटरीवर चालू गाडीत 14.1. माझ्या एकूण खर्चात सगळ्यात स्वस्त वस्तू ती पट्टीच.

प्रत्येक पार्टनंतर गाडी थोडे दिवस बरी का चालायची तेही तेव्हा कळलं. नवीन बॅटरी चार्ज होऊनच येते, ती रिकामी होईपर्यंत चालणारच. अल्टरनेटर काढताघालताना आजूबाजूच्या गोष्टी हलतात, गंजातून तात्पुरता कॉन्टॅक्ट लागतो. ग्राहकाला वाटतं उपाय लागू पडला, आणि यावरच त्यांचा धंदा.

मग काकांनी बाकीचं दाखवायला सुरुवात केली आणि माझं डोकं फिरलं. "नवीन" अल्टरनेटरवर चंदेरी स्प्रे मारलेला होता, इतका घाईत की स्प्रे वायर जोडायच्या कपलरच्या प्लास्टिकवर आणि नंबरच्या स्टिकरवरही उडालेला, खाली ओरखडा जुनाच. इसीएमच्या स्क्रूवर कंपनीचा रंगाचा ठिपका तसाच अखंड, म्हणजे तो कुणी उघडलाच नव्हता, रिपेअर कसला. (कुणी इसीएम बदलला म्हणालं तर लक्षात ठेवा, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर गाडी चालू न होऊ देणारी सोय) असलेल्या बऱ्याच गाड्यांत नवीन इसीएमला चाव्या जुळवून घ्याव्या लागतात, तसं काहीच न करता जुन्या चावीने गाडी चालू झाली तर विचारा कशी.) आणि मागचं नवीन वायरिंग म्हणजे जुन्याच वायरींवर नवी टेप. टेप सोलली तर आत पिळून जोडलेले जॉइंट, सोल्डर नाही काही नाही, त्यातला एक बॉडीला घासून उघडा पडलेला.

सगळ्यात भीती वाटली ती फ्यूजची. तो उघडा जॉइंट शॉर्ट होऊन फ्यूज उडत असणार, तर त्याने 10 च्या लाल फ्यूजच्या जागी 30 चा हिरवा खोचलेला. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, 10 ॲम्पिअरच्या वायरीवर 30 चा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर जळणार. खाचेचं प्लास्टिक एका कडेला वितळून पिवळं पडलेलं होतं. तुमच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, वायरिंगचं काम झालं की पाच मिनिटं काढून प्रत्येक फ्यूजचा आकडा त्याच्याशी जुळवा.

गॅरेजवाल्याकडे गेले तर आधी आवाज चढवला, मग यादीचा फोटो आणि स्प्रेचा फोटो समोर ठेवल्यावर म्हणाला पोराने केलं असेल मला माहीत नाही. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले. म्हणून पार्ट काढायच्या आधीच सांगा की जुना मला परत पाहिजे, आणि नंबरचा फोटो काढून ठेवा, तोही त्याच्या देखत. आणि कुणी बॅटरीवर मीटर लावून अल्टरनेटर गेला म्हणालं तर एवढंच म्हणा, आता अल्टरनेटरच्या बॉडीवर लावून दाखवा. इसीएमचे पैसे त्याने भांडून भांडून परत दिले, अल्टरनेटरचे अजून नाही, त्याची लेखी तक्रार टाकलीय. मागचे जॉइंट काका एकेक सोडवून सोल्डर करतायत, डॅशबोर्डखालचे अजून उघडायचेत.